परत न मागण्याचं पत्र

नवरा कॅनडात शिकतो. त्याच्याकडे जायला मी ओपन वर्क परमिटचा, म्हणजे तिथे कुठेही नोकरी करता येईल अशा परवान्याचा, अर्ज करते आहे. अर्जासाठी माझ्या खात्यात दाखवायचे पैसे माझ्या वडिलांनी, अण्णांनी, भरले. त्यासाठीच आज ते उदगीरहून लातूरला आले होते.

व्हिसाचा एजंट अण्णांना म्हणाला, "ही भेट आहे, परत मागणार नाही, असं लिहून द्या."

अण्णा हसले. "लेकीला दिल्यालं कुनी परत मागतंय व्हय? ह्ये बी लिहून द्यावं लागतंय?" त्यांनी सही केली.

आई गेल्यापासून घरी ते एकटेच असतात. संध्याकाळी एसटीच्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "मग तू परत कवा येनार?"

बस सुटली, म्हणून उत्तर देण्यातून मी वाचले.

परदेशी गेलेल्यांनो, तुम्ही निघताना घरी काय सांगितलं होतं?