दार आणायला गेलो, डोण घेऊन आलो

कोल्हापुरात गावाबाहेर, लाकडाच्या एका वखारीमागं, एक दुकान होतं. त्याला छप्पर नव्हतं की पाटी नव्हती. पाडलेल्या वाड्यांचं, पागांचं, धर्मशाळांचं जे सामान कुणाच्याच घरात मावत नाही, ते तिथं उघड्यावर पडलेलं असायचं. आडवे टाकलेले सागवानी खांब, लिंबाला टेकवून ठेवलेली अख्खी कमान, आणि कुठंच न जाणारा एक जिना. त्याच्या पायऱ्यांवर मालकाच्या कोंबड्या बसायच्या. वर चढून गेलं की पुढं नुसतं आभाळ.

मी तिथं गेलो तो एका दारासाठी.

हे दार एका बड्या गूळ अडत्याच्या वाड्याचं. त्याच्याकडं मी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, पाठीवर वाहिले, मग वजनं मांडली, मग दिवाणजीपर्यंत चढलो. स्वतःची पेढी काढली तेव्हा उद्घाटनाचं बोलावणं द्यायला नारळ घेऊन त्याच्याकडं गेलो. गड्यानं मोठं दार न उघडता त्यातली छोटी दिंडी उघडली. मी वाकून आत शिरत होतो, तेवढ्यात झोपाळ्यावरून त्याचा आवाज आला, "मोठं दार माणूस बघून उघडायचं असतंय." सोप्यातली सगळी माणसं हसली. नारळ तिथंच ठेवून मी परत फिरलो, तेही वाकूनच.

पुढं त्याचा वाडा पाडला आणि दार या दुकानात आल्याचं कळलं. माझं नवं घर बांधून होत आलं होतं. हेच दार आणून दोन्ही फळ्या सताड उघड्या टाकायच्या, असं मी मनाशी ठरवलं.

दुकानाचा मालक पूर्वी बैलबाजारात दलाली करायचा. म्हणाला, "या पावणं. काय दावू?"

"नुसतं बघतोय."

"बघा की. बघायला पैसं पडत न्हाईत."

दार समोरच होतं. मी त्याच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. जी वस्तू पाहिजे तिच्यावर नजर टाकायची नाही, हे मी बाजारात शिकलो होतो. आधी भलत्याच वस्तूवर भांडायचं, चिडून निघायचं, आणि जाता जाता हव्या त्या वस्तूचा भाव सहज विचारायचा. भलती वस्तू म्हणून मी दगडाची एक डोण निवडली. जनावरांना पाणी पाजायची, चार माणसं आत झोपतील एवढी लांब.

"ह्या धोंड्याला कोण घेणार हो?"

"पागेतली हाय. घोडी पाणी प्यायची हिच्यात."

"घोडी गेली. आता तुम्ही पिता काय?"

"मी न्हाई, गिऱ्हाईकाला पाजतो," असं म्हणत त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढं केला.

आमच्या गूळबाजारात तेव्हा सौदे असेच व्हायचे. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडानं आकडा उच्चारायचा नाही. टॉवेल झटकून "दिला" म्हटलं की सौदा झाला. मग मागं फिरणाऱ्याच्या हाताला पुन्हा कुणी हात लावत नसे. मी मुद्दाम अपमान वाटावा एवढी कमी बोटं दाबली. तो हात झिडकारेल, मग मला चिडता येईल, हा हिशोब.

त्यानं टॉवेल झटकला. "दिली! न्या."

वखारीतले दोन सुतार बघत उभे होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "आणि ते दार?"

"ते व्हय? ते कबनूरच्या एका यंत्रमागवाल्यानं कालच ठरवून ठेवलंय. सरळ इचारलं असतं तर सांगितलं असतं की."

मी डोणीला लाथ मारली. डोणीला काही झालं नाही. मी लंगडत घरी आलो.

मागून गाडीत घातलेली डोण माझ्या नव्या घरापर्यंत आली आणि तिथं गाडीचा आस मोडला. हमालांनी ती रस्त्याच्या कडेला उतरवली आणि सांगितलं, आता ही हलायची नाही. बायको बाहेर आली.

"दार आणायला गेलतासा न्हवं?"

मी तिच्यावर ओरडलो. तिनं माझं ओरडणं संपू दिलं आणि म्हणाली, "रिकामी ठेवली तर लोक कचरा टाकतील." मग तिनं ती घासली आणि नळाला रबरी पाईप लावून भरली.

गुळाच्या बैलगाड्या पहाटे आमच्याच रस्त्यानं बाजारात जायच्या. पाणी दिसल्यावर बैलच थांबायला लागले. बैल थांबले की गाडीवान उतरायचे. बायको चहा टाकायची, मी गप्पा मारायचो. एकानं विचारलं, "मालक, तुमची पेढी कुठं?" दुसऱ्या खेपेला त्यानं माल माझ्याकडं उतरवला. मग त्याच्या गावच्यांनी. नव्या अडत्याला माल कोण देतो? जुन्या बड्या पेढ्यांसमोर मी कधीच झोपलो असतो. त्या डोणीनं मला उभं केलं.

माझ्या घराला साधंच दार बसवलं, आत यायला कुणाला वाकावं लागत नाही एवढं उंच. गाडीवान बादली मागायला येतात म्हणून ते पहाटेच उघडतं.

दर बेंदराला, बैलांच्या सणाला, बायको डोणीला हळदकुंकू लावते, आणि मी दुकानवाल्याला गुळाचा एक रवा घेऊन जातो. तो दरवेळी डिवचतो.

"पावणं, अजून एक दार आलंय. त्याच्यापेक्षा मोठं. हात घालायचा काय टॉवेलाखाली?"

"नको. तुमच्या टॉवेलाखाली माझा हात परत जायचा न्हाई."

मग आम्ही त्या जिन्याच्या खालच्या पायरीवर, कोंबड्या हाकलून, चहा पितो. झोपाळ्यावरचं ते वाक्य मला अजून टोचतं. ते मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण ते आठवत बसायला सवड पाहिजे, आणि पहाटे गाड्या आल्या की ती मिळत नाही. त्याबद्दल त्या टॉवेलवाल्याचे आणि घरातल्या पाईपवालीचे उपकार मानतो. बायकोला हे तोंडानं कधी सांगितलं नाही. तिला वाटतं, मी अजून डोणीवर चिडलेला आहे.