मधली तार

काल वायरमनने टाकून दिलेला तांब्याच्या तारेचा तुकडा उचलला, हाताला तो कडवट वास लागला आणि मला स्वतःचीच शिसारी आली. सत्तरच्या दशकात, पलूसजवळच्या आमच्या शाळेत, विजेची गणितं शिकवताना सरांनी जुन्या फोनमधला हाताने फिरवायचा डायनामो आणला होता. सगळ्या वर्गाने हात धरून साखळी करायची, म्हणजे झटका प्रत्येकातून जाणार. माझ्या शेजारी दलित वस्तीतला मुलगा उभा राहिला. "सर, मी ह्येचा हात धरणार न्हाई," मी म्हणालो. सर रागावले नाहीत. त्यांनी आम्हा दोघांच्या हातात तांब्याच्या एका तारेचं एकेक टोक दिलं आणि हँडल फिरवलं. झटका सगळ्यांनाच बसला, पोरं खिदळली. मग सरांनी प्रत्येकाच्या अंगाचा विजेला होणारा रोध फळ्यावर मांडून गणित घातलं. त्या मुलानं विचारलं, "सर, तारंचा रोध किती धरायचा?" "शून्य धर." "मग ती मधी लावली कशाला?" सर उगाच फळा पुसू लागले, आणि मी तार धरलेला हात चड्डीला पुसत होतो. परवा शाळेच्या मेळाव्यात मी भाषण ठोकलं, की त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एकमेकांचे हात धरले होते. टाळ्याही घेतल्या. ते खोटं आहे. मी त्याचा हात धरला नव्हता.