दहा लिटरला चाळीस सेकंद

आधीच सांगतो, मी भूत-बित मानणाऱ्यातला नाही. नांदेडला माझं अ‍ॅक्वेरियमचं दुकान आहे. माशांमुळे घरात बरकत आली असं कुणी म्हणालं, की मी मान डोलावतो आणि मनात हसतो. माझा भरवसा बादली आणि स्टॉपवॉचवर. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय...

लातूरच्या कांबळे बाई निवृत्त शिक्षिका, एकट्याच राहतात. त्यांच्या मिस्टरांना खाऱ्या पाण्याच्या टाकीचा भारी नाद. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण हा माणूस आरओच्या पाण्यात मीठ कालवून तीनशे लिटरचा समुद्र हॉलमध्ये बाळगून होता! आठ महिन्यांपूर्वी ते वारले. मासे एकेक करून गेले, उरला एक नारिंगी क्लाउनफिश. त्यातच पंप जळाला आणि बाईंचा फोन आला, "भाऊ, हा तरी जगला पायजे. ह्यांच्या हातचा एवढाच राहिलाय."

मी नवा पंप आणि पाणी कमी-जास्त करायचा नवा कॉक बसवला. टाकीतलं सगळं पाणी खालच्या फिल्टरमधून तासाला पाच वेळा फिरावं, हा माझा नेहमीचा हिशेब. पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी चार फूट चढेपर्यंत पार घसरतो, म्हणून मी पाइप बादलीत धरून मोजतो. दहा लिटरला चोवीस सेकंद – पक्कं. मिस्टर किती ठेवायचे ते बाईंना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी कुठे लिहूनही ठेवलं नव्हतं.

चार दिवसांनी फोन. मासा दगडामागे दडून बसलाय, खात नाही. म्हटलं, होईल सवय. दोन दिवसांनी पुन्हा फोन – "आज खाल्लं भाऊ! पण पाणी हळू झालंय."

गेलो. चाळीस सेकंद. कॉक अर्धवट फिरवलेला. मी पुन्हा चोवीसवर आणला, कारण एवढ्या मंद पाण्यात घाण साचून मासा आज ना उद्या जाणारच, असं माझं ठाम मत. लगेच मासा दगडामागे... आठवड्यात पुन्हा तेच, पुन्हा बरोबर चाळीस. आता मात्र माझं डोकं फिरलं.

"बाई, खरं सांगा, तुम्हीच फिरवता ना?"

"ध्यानात तर न्हाई," बाई म्हणाल्या. "पण लातूरची हाय मी. पाण्याचा आवाज आला की हात आपोआप नळाकडं जातो."

झालं, कोडं सुटलं! त्या दिवशी त्यांना बहिणीकडे रेणापूरला जायचं होतं. त्यांच्यासमोरच मी चोवीसवर लावलं, कॉकचा दांडा स्क्रू काढून खिशात टाकला. दांड्याशिवाय तो पक्कडीनेच फिरतो. घराला कुलूप लावून किल्ली मी घेतली, पक्कडही माझ्याच पिशवीत. बाईंना बसमध्ये बसवलं आणि गावातलं दुसरं काम उरकून तीनच्या सुमारास परत आलो.

कुलूप जसंच्या तसं. आत पाऊल टाकलं आणि आवाजावरूनच कळलं. तरी मोजलं. चाळीस.

पंप उघडला, स्वच्छ. पाइपमध्ये कचरा नाही. करंट ठीक. कॉकच्या खुंटीवरची, तो किती उघडा ते दाखवणारी खाच मात्र फिरलेली होती. मी खिसा चाचपला, दांडा तिथेच. आणि मासा टाकीच्या मधोमध, निवांत.

संध्याकाळी बाई आल्यावर सगळं सांगितलं. वाटलं, घाबरतील. त्या स्टूल घेऊन टाकीसमोर बसल्या, चिमूटभर खाणं टाकलं. माशाने सगळं फस्त केलं.

"ह्यांना पाणी धो-धो वाहिलेलं खपायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "टँकरच्या दिवसांत गल्लीला पाणी हेच वाटायचे ना, तवापासून."

"कॉक उघडू का परत?"

"नगा."

मी उघडला नाही. मासा आजही ठणठणीत आहे. माझा हिशेब मी चारदा तपासला, त्यात चूक सापडत नाही, आणि बंद घरात कॉक कुणी फिरवला याचं उत्तरही माझ्याकडे नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, मी ऐकून घेईन. पण बाईंना सांगणार नाही. कारण त्या संध्याकाळी पदराने डोळे पुसत त्या हसून म्हणाल्या,

"आठ महिने झाले भाऊ, ह्या घरात मी एकटीच हाय म्हणून रडत होते."