पट्टीवरची एक रेघ

पुण्याहून एस.टी. सुटली तेव्हा माझी पिशवी टपावर होती आणि बर्फाचा डबा मांडीवर. शेजारच्या आजोबांनी नगरपर्यंत दम धरला, मग विचारलंच, "ताई, कुल्फी इकता व्हय?"

"नाही हो. लहान मुलांच्या नाकातला शेंबूड न्यायचाय यातून."

आजोबांनी पुढच्या थांब्यावर जागा बदलली.

काम खरंच तेवढंच होतं. परदेशी झटपट तपासणीच्या पट्ट्या तेव्हा नुकत्याच आपल्याकडे येऊ लागल्या होत्या. कापसाची काडी नाकात फिरवायची, औषधात बुडवायची, चार थेंब पट्टीवर टाकायचे. दोन रेघा उमटल्या तर छातीत कफ भरवणारा विषाणू आहे, एकच उमटली तर नाही. आमच्या प्रयोगशाळेत हाच विषाणू वाढवून ओळखायला आठवडा लागे. पट्टी कितपत खरं बोलते, ते मुलांचे तेच नमुने प्रयोगशाळेत वाढवून ताडून पाहायला मी केजला निघाले होते.

केजात स्टँडजवळच डॉ. सुनंदाबाईंचा लहान मुलांचा दवाखाना. ऐन थंडी, ओसरीभर खोकणारी लेकरं. पण माझी काडी दिसताच आया पदराआड लेकरं लपवू लागल्या.

"आधी सोताच्या नाकात घाला की," एक जण म्हणाली.

घातली. अशी सणसणीत शिंक आली की ओसरी खदखदून हसली. मग रांग लागली.

दुपारी बाईंच्या शेतात हुरडा (भाजलेले ज्वारीचे कोवळे दाणे) आणि शेंगदाण्याची चटणी. "लई खाऊ नका, पोट धरंल," गडी म्हणाला. मी ऐकलं नाही. पोट धरलं.

दुसऱ्या दिवशी किसनराव नावाचे किराणा दुकानदार जीपने आले. बायकोच्या कडेवर तान्ही रुक्मिण, रात्रीपासून दूध न घेतलेली, दर श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. पट्टीवर एकच रेघ आली. बाई म्हणाल्या, दवाखान्यातच ठेवू.

"कावून (का)?" किसनराव उठलेच. "तुमची पट्टीच न्हाई म्हनती. आमी दुकान बंद ठिवून आलतो."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्हीच सांगा यांना."

एवढ्या लांबून आणलेली पट्टी माझ्या हातात होती. म्हटलं, "भाऊ, ही चुकते का, तेच बघायला मी आलेय. हिच्या भरवशावर मी माझं लेकरू घरी नेलं नसतं."

किसनराव टोपी काढून बाकावर बसले.

संध्याकाळी रुक्मिणचे ओठ निळे पडले. बाईंनी ऑक्सिजन लावला. किसनराव दाराची चौकट धरून उभे होते. सकाळी खोलीतून तिच्या आईची हाक आली, "पिली! माझी बाय पिली!"

पुण्याला परतल्यावर नमुने वाढायला ठेवले. आठवड्याने सूक्ष्मदर्शकाखाली रुक्मिणचा पाहिला. पेशी एकमेकींत मिसळून मोठाले पुंजके झाले होते. विषाणू होताच, पट्टीला दिसला नव्हता.

फोन लावला. सुनंदाबाई म्हणाल्या, "ती कधीच घरी गेली. बापाच्या दुकानात गुळाला हात घालते म्हणे."

बहुतेक पट्ट्या खऱ्या निघाल्या, आणि तसं मी लिहिलंही. पण माझ्या साहेबांना अहवालाच्या शेवटी हवी असलेली सूचना मी पहिल्याच पानावर घातली: दोन रेघा दिसल्या तर पट्टीचं ऐका, एकच दिसली तर मुलाची छाती बघा.