आक्काचं ‘बरं’

गिरणीवाली आक्का कुणाला नाव विचारत नसे. दारात बाई आली की पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून ओरडायची, “डबा ठेव आन् रांग बघ!” संपलं. डबा पाटलाचा असो नाहीतर बौद्धवस्तीतला, पुढचा तो पुढचा. सगळं गाव तिचं कौतुक करायचं. मी करत नव्हतो. आजही करताना जीभ जड होते.

उंब्रजपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. तिथली पहिली गिरणी माझी. गिरणीवर गडी असायचा आणि मी चावडीवर. वस्तीतल्यांनी धर्म बदलल्यापासून त्यांचं दळण मी सगळ्यांत शेवटी घ्यायचो, तेही मनाला आलं तर. आक्काचा नवरा लष्करात होता, बांगलादेशच्या लढाईत गेला. वर्षभरात या बाईनं एसटीच्या थांब्याजवळ गिरणी घातली. बाई गिरणी चालवणार! मी पोट धरून हसलो. सहा महिन्यांत माझ्या दारातले डबे तिच्या दारात गेले. आधी वस्तीचे, मग उरलेल्या गावाचे.

दर आठ दिवसांनी ती स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन दगडाला टाकी घालून धार लावायला बसायची. “दगुड बोथट झाला की पीठ जळतंय,” म्हणायची, “मानसाचं बी तसंच.” हे ती मलाच टोचून बोलते, अशी माझी खात्री होती. तिच्याकडचं पीठ मऊसूत येतं असं कुणी म्हटलं की माझ्या पोटात दुखायचं. मग मी पंचमंडळींना घरी जेवायला बोलवायचो. आमच्या हिच्या हातची पोळी जिभेवर विरघळायची. “ही आमच्या दगडाची करामत,” असं मी सगळ्यांना ऐकवायचो.

शेवटी मी डाव टाकला. ग्रामसभेत ठराव आणला, की दुकानदार, न्हावी, गिरणीवाला यांना आपल्या धर्माला पटत नसेल तर गिऱ्हाईक नाकारायची मोकळीक असावी. जात लिहिली असती तर कायदा आडवा आला असता, म्हणून मी धर्म लिहिला. धर्माचं मला काय पडलं होतं? एकदा धर्माचं नाव निघालं की लोक वस्तीबरोबर तिच्या रांगेत उभे राहायला बिचकतील, एवढंच मला हवं होतं.

सरपंचांनी ठराव वाचला. मागं बायका बसल्या होत्या, त्यांत आमची हीसुद्धा. आक्का तशीच पिठानं माखलेली उठली आणि माझ्याकडं वळली.

“आण्णा, मोकळीक कुनाला? दळून न द्यायची मोकळीक आपल्याला. आन् वस्तीतल्या बायांनी डोईवर जोंधळं घिऊन उंब्रजला चालायचं? दोघी पोटुशी हायत त्यात.”

“कुनावर जबरदस्ती न्हाई, आक्का. ज्येला दळायचंय त्यानं दळावं. ह्यो धर्माचा प्रश्न हाय.”

“व्हय? मग धर्माचंच बोलू. दगडात मागच्याचं मूठभर पीठ ऱ्हातंयच, बायास्नी इचारा. वस्तीचं गावानं खाल्लंय, गावाचं वस्तीनं. कुनाचा धर्म बुडाला? ज्येच्या घरात माझ्या गिरणीचं पीठ शिजलं न्हाई, त्यानं ह्या ठरावाला हात वर करावा.”

ठरावाला अनुमोदन देणारेही खाली बघायला लागले. एकच हात वर गेला. माझा. चांगला ताठ. आक्कानं माझ्याकडं पाहिलं, मग बायकांकडं पाहिलं, मग परत माझ्याकडं.

“बरं,” म्हणाली आणि खाली बसली.

ठराव पडला. पण मी मान वर करून घरी आलो. अख्ख्या गावात एक मीच काय तो सोवळा!

पुढं पाच वर्षांनी तिच्या लेकीनं तिला सांगलीला नेलं. गिरणीला कुलूप लागलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले. तिला पोचवायला सगळा गाव थांब्यावर आला होता. मीही गेलो, ती खरंच गाडीत बसते की नाही ते बघायला. खिडकीतून म्हणाली, “आण्णा, टाकी घालत जावा दगडाला.” गाडी हलली तशी आमची ही हुंदके द्यायला लागली.

वाटेत मी खेकसलो, “एवढं रडायला काय झालं? सख्खी भन हुती काय?”

तिनं पदरानं नाक पुसलं. “तुमास्नी काय हुतंय? आता पोळीचं दळन कुठं न्यायचं मी?”

मी जागीच थांबलो.

“आवं, पयल्या वर्सापासनं तिच्याकडंच नेतीया. तुमच्या दगडाचं पीठ जळकं येतंय. त्या दिशी सभेत तुमी हात वर केला, म्या डोळंच मिटलं. म्हनलं, आता बोलती आक्का. न्हाई बोलली.”

माझ्या घरचं दळण कुठं होतं ते आक्काला ठाऊक होतं. एक शब्द बोलली असती तर मला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मी तिच्या जागी असतो तर बोललो असतो, वर चावडीवर वर्षभर चघळलं असतं. गिऱ्हाइकं गेली त्याचा जळफळाट कधीच विझला. ती त्या दिवशी गप्प बसली, त्याचा हेवा मात्र अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी गड्याला बाजूला सारून मीच टाकी घालायला बसलो. बोटं सोलवटली. दुपारी मान वर केली तर वस्तीतली एक पोटुशी बाई डबा कडेवर घेऊन उंबऱ्याबाहेर घुटमळत होती. आत यावं की उंब्रजची वाट धरावी, हे तिला ठरवता येत नव्हतं.

“डबा ठेव,” मी म्हणालो, “आन् रांग बघ.”

रांगेत दुसरं कुणीच नव्हतं. आणि आवाजही आक्कासारखा निघाला नाही.