घरात फक्त अरबी

पार्लरमध्ये केस कापणारी ही बाई दिवसभर गिऱ्हाइकांशी इथल्या भाषेत गप्पा हाणायची. घराचा उंबरा ओलांडला की मात्र तिला त्या भाषेतलं अवाक्षरही कळेनासं व्हायचं. अर्थात, सगळं सोंग! चार वर्षांच्या लेकीनं, चिमणीनं, पाणी मागितलं तर ही आपली ढिम्म बघत राहायची. चिमणीनं अरबीत 'मय्य' म्हटलं की पेला लगेच हजर. घरात अरबी, दाराबाहेर काय वाटेल ते बोला, असा तिचा कायदा होता. बस चालवणाऱ्या नवऱ्याला अरबी यथातथाच येत असल्यामुळे तो बिचारा घरात मुकाट्यानं जेवायचा.

सोंगाला कारणही तसंच होतं. बाईची आई तिकडे दूर देशात आजारी होती आणि तिला अरबीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. फोनवर ती नातीला लाडानं हाका मारायची, चिमणी इथल्या भाषेत काहीतरी पुटपुटून पळून जायची. "माझं हिला काहीच कळत नाही का गं?" असं आजीनं एकदा विचारलं आणि तेव्हापासून बाईच्या जिवाला घोर लागला. आता आजी येणार होती, बहुधा शेवटचंच. पोर तिच्यासमोर मख्खासारखी उभी राहिली तर? 

मग काय, बाईनं कंबर कसली. रंग, प्राणी, नमस्कार-चमत्कार, 'आजी, तू किती छान दिसतेस', सगळं घोटून घेतलं. आजीला आवडेल ते ते सगळं.

"अगं, लहान आहे ती. येईल हळूहळू," नवरा म्हणायचा.

"हळूहळू यायला माझ्या आईकडे वेळ आहे का?"



सुट्टीच्या दिवशी सकाळी चिमणीनं ताटलीला हात लावला नाही. ती इथल्या भाषेत काहीतरी सांगायला लागली. बाईनं सवयीनं न कळल्याचा चेहरा केला.  बराच वेळ विचार करून चिमणीनं अरबीत म्हटलं, "लाल."

"शाब्बास!"

"लाल. मोठं लाल."

बाईला आनंदाचं भरतं आलं. न सांगता पोर धडा म्हणतेय! "आणि मांजर कुठल्या रंगाची?" तिनं विचारलं. चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आईचं बोट धरून ती तिला दाराकडे ओढायला लागली.

"आधी खाऊन घे, मग खेळ," बाईनं अरबीत दरडावलं. चिमणी ऐकेना. रडत, ओढत तिनं आईला दाराबाहेर जिन्यापाशी नेलं, नीट उंबऱ्यापलीकडे उभं केलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"आई, आता कळतं ना तुला?" चिमणीनं इथल्या भाषेत विचारलं. "माझा कान दुखतोय. कालपासून दुखतोय."

 बाईनं तिच्या कपाळाला हात लावला तर पोर तापानं फणफणलेली. दुखण्यासाठी पोरीला 'लाल' एवढाच शब्द सापडला होता. इतके शब्द शिकवले, पण दुखतं कसं म्हणायचं तेवढं शिकवायचं राहिलं होतं. आजीला ते कशाला ऐकवायचं?

"कळतं गं सोन्या, कळतं," ती त्याच भाषेत म्हणाली. चिमणीला उचलून ती शाल घ्यायला घरात वळली. तशी चिमणीनं दोन्ही हातांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"आत नको! आत गेलं की तुला परत कळणार नाही!"

"आतही कळतं मला. खरंच कळतं," बाई रडत रडत सांगत राहिली. चिमणीचा काही विश्वास बसेना. शेवटी शाल आणि चपला नवऱ्यानंच आतून आणून दिल्या आणि तिघं तिथूनच डॉक्टरकडे निघाली.