मंगळवारच्या रकान्यातलं शून्य

ज्या चुकीसाठी मी देवीची रोज क्षमा मागतो, ती माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीच्या नव्या घरात आलो, तेव्हा माझी मुलगी मंगल तेरा वर्षांची होती आणि कराटे शिकत होती. मी आकडेमोडीतला माणूस, म्हणून सरांनी मुलांच्या दुखापतींची वही माझ्याकडे दिली. रकाने मीच आखले: रक्त, सूज, हाड. कुठल्या सरावात मुलांना जास्त लागतं ते वहीवरून कळे आणि सर तो सराव बदलत. याचा मला अभिमान होता. देवाकडे मात्र ओढा नव्हता. जे मोजता येत नाही ते मानायचं कशाला, असं वाटे.

स्पर्धेच्या आठवड्यात, मंगळवारी, मंगलच्या कानशिलावर लाथ बसली. गरगरतंय, म्हणाली. मी रक्त पाहिलं, सूज पाहिली. दोन्ही नव्हतं. शून्य लिहिलं. खरं सांगायचं तर तिने स्पर्धा जिंकावी ही हौस माझीच होती.

सर जवळच्याच बोनकोडे गावचे. स्पर्धेला निघण्यापूर्वी मुलांनी तिथल्या गावदेवीला फूल वाहायचं, हा त्यांचा रिवाज. रविवारी सकाळी मी देवळाबाहेरच थांबलो. अंगण झाडणारी एक म्हातारी जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पोर तुजी हाय ना? देवी हितं हाय, न् पोर फूल बाजूला ठेवते. दोनदा बगितला मी. तिला खेलाला नेऊ नको."

मी मंगलला विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "मंगळवारपासून सगळं दोन-दोन दिसतंय. पण तुम्ही शून्य लिहिलंत. मला वाटलं, काही झालंच नसेल."

स्पर्धेऐवजी आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेतच तिला उलटी झाली. डोक्याला आणखी एक मार बसला असता तर काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मंगल कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून होती. शाळेचं वर्ष गेलं. अजूनही फार वेळ वाचलं की तिचं डोकं दुखतं.

म्हातारीला द्यायला नारळ घेऊन गेलो, तर तिने तो घेतला नाही. "देवीनं दाखवला, मी सांगितला. आत जाऊन तिला दे." त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या देवळाचा उंबरा ओलांडला.

मग वहीत आणखी एक रकाना आखला, सगळ्यांच्या आधी: मूल स्वतः काय म्हणालं. मंगळवारचं शून्य मात्र खोडलेलं नाही. माझ्या नजरेतून सुटेल ते देवीवर सोपवतो, आणि पोर सांगेल ते आधी ऐकतो. हे मंगलच्या वेळी सुचलं नाही.